समोरच्या गाडीला रामराम

माझ्या बायकोच्या मामांइतका सभ्य ड्रायव्हर मुंबईच्या उपनगरांत दुसरा झाला नाही, आणि रस्त्यावर त्यांच्याइतक्या शिव्याही दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. मामांनी उमेदीची पस्तीस वर्षं देवगडहून मुंबईला आंब्याचा ट्रक आणला. घाटात आणि गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर ड्रायव्हर मंडळींचा आपसात एक रिवाज असतो. तो कुठे छापलेला नाही, पण मोडला तर पुढच्या टपरीवर कुणी शेजारी बसू देत नाही. ट्रक सोडून मामा मुलुंडला मुलाकडे राहायला आले, एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि तो सगळा रिवाज जसाच्या तसा महामार्गावर आणून सोडला. महामार्गाने तो अजून स्वीकारलेला नाही.

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने मागे घ्यायचं, हा घाटातला पहिला नियम. आता मुलुंडात घाट कुठून आणायचा? पण मामा आणि आम्ही राहतो त्या सोसायटीला तळघरातल्या पार्किंगचा एक उतार आहे आणि मामांना तेवढा पुरायचा. एकदा सकाळी मामा बाजारातून बांगडे घेऊन खाली उतरत होते, तोच खालून एक गाडी वर येऊ लागली. मामांनी लगेच मागे घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मागे आणखी तीन गाड्या उतरत होत्या. मामा गाडीतून उतरले, प्रत्येकाच्या खिडकीशी जाऊन त्यांनी नियम समजावला आणि तिघांनाही रस्त्यापर्यंत मागे नेलं. एवढा मानपान पाहून वर येणाऱ्या गृहस्थांनाच संकोच वाटला आणि तेही मागे सरकत परत तळघरात गेले. वीस मिनिटं तो उतार पूर्ण मोकळा होता आणि त्यावरून एकही गाडी जात नव्हती. सेक्रेटरी ओरडत आले, "अहो मामा, ही बिल्डिंग आहे, कशेडी घाट नाही!" मामा शांतपणे म्हणाले, "चढ तो चढ. गाडयेक काय ठावक, वर बिल्डिंग आसा की देऊळ?"

दुसरा नियम असा, की उभ्या गाडीला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आडरस्त्यावर गाडी उभी आहे म्हणजे कुणीतरी अडचणीत आहे. हा नियम घाटकोपरच्या सिग्नलला पाळायचा म्हटलं तर माणूस घरी कधी पोहोचणार? तरी मामा जमेल तितक्यांची चौकशी करायचे. एकदा भरदुपारी पवईच्या तलावाकाठी काळ्या काचांची एक गाडी उभी दिसली. मी "मामा, नको, नको" म्हणेपर्यंत मामांनी जाऊन काच ठोठावली. काच चार बोटं खाली आली. आत एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही घामाघूम. "पंक्चर झाला काय? जॅक होयो?" मामांनी आस्थेने विचारलं. तरुण म्हणाला, "नको काका, चाललोच आम्ही," आणि खरोखरच गेला. "बघा, बॅटरी चांगली आसा," मामांना समाधान वाटलं.

बंद पडलेल्या गाडीच्या मागे झाडाची फांदी टाकायची, म्हणजे मागून येणारा सावध होतो. म्हणून मामांच्या डिकीत कायम जांभळाची एक फांदी असायची, आणि ती दर रविवारी सोसायटीच्या झाडावरून बदलली जायची. "सुकी फांदी बघून लोक म्हणतत, कालची गाडी, गेली आसतली." एकदा ऐरोलीच्या फाट्याजवळ गाडी बंद पडली. मामांनी ताजी, हिरवीगार, चांगली डेरेदार फांदी मागे आडवी ठेवली. मुंबईकरांनी ती पाहिली, पण अर्थ निराळा लावला. गाडीवर झाड पडल्याचं कुणीतरी फोन करून कळवलं आणि अर्ध्या तासात करवती घेऊन पाच माणसं हजर झाली. मामांनी त्या सगळ्यांना चहा पाजला, आणि त्यांच्यातल्याच एकाने गाडी धक्का मारून चालू करून दिली. रिवाज कसा कामाला येतो याचा दाखला म्हणून मामा ही गोष्ट आजही सांगतात.

पुढे पोलीस उभे असले की समोरून येणाऱ्याला दिवे उघडझाप करून कळवायचं, हेही आलंच. एकदा असं त्यांनी विनाहेल्मेट येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याला कळवलं. तो नेमका साध्या कपड्यातला हवालदार निघाला. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, तर मामाच त्याला म्हणाले, "साहेब, पुढे तुमचेच लोक उभे आसत. जपून जावा." हवालदाराने क्षणभर विचार केला आणि पलीकडच्या गल्लीतून निघून गेला.

हे सगळं ऐकून मामांच्या मुलाचे केस पांढरे झाले होते. तो एके दिवशी माझ्याकडे आला. "भावोजी, सत्तरी उलटली बाबांची. कुणीतरी एक दिवस कानाखाली मारेल त्यांना, नाहीतर हेच कुठेतरी ठोकतील. मी सांगितलं तर भांडण होतं. तुम्ही एकदा बाजूला बसा ना. तुम्ही म्हणालात ठीक आहे, तर चावी त्यांच्याकडे. नाही म्हणालात तर गाडी विकतो." असली जोखीम जावयाच्याच गळ्यात का मारतात, कोण जाणे. गाडी गेली तर मामांजवळ दुसरं काय उरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि मगच बसलो.

अंधेरीला एका नातेवाइकाकडे लग्नाची पत्रिका द्यायची होती. रविवारची सकाळ, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. मामा हळू, अगदी तब्येतीत चालवत होते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. गावाकडे हा रामराम असतो. अनोळखी असेल तर स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलायचं, ओळखीच्याला चार, आणि आपल्या तालुक्याचा असेल तर अख्खा पंजा. मुंबईत मात्र हात केला की माणसं दचकतात. एकाने थांबून स्वतःचं मागचं चाक तपासलं. एका रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, "किधर जाना है?" मी हसून हसून बेजार झालो होतो.

पवईच्या पुढे रस्त्याकडेला ट्रकची रांग उभी होती. मामांनी पहिल्याला बोट उचललं, दुसऱ्याला उचललं, तिसऱ्यालाही. ट्रक रिकामे होते, आत कुणीच नव्हतं. मी म्हटलं, सवय आहे. मग एका बंगल्यासमोर एक गाडी उभी होती, टपापासून चाकापर्यंत राखाडी कापडाने झाकलेली, दोरीने बांधलेली. मामांनी तिलाही हसून हात केला. माझं हसू तिथेच थांबलं. पुढे अंधेरी येईपर्यंत आणि परत येईपर्यंत मीच रस्त्यावर डोळे ताणून बसलो होतो. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही वाईट जास्त वाटत होतं.

घरी आलो तर मुलगा चहा करून वाट बघत बसलेला. "काय भावोजी?" मी मामांकडे न बघता म्हटलं, "झकास चालवतात. काही प्रॉब्लेम नाही." मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. मामांनी मात्र खिशातून चावी काढली आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवली.

"जावयबापू, खोटा बोलणा तुमका जमणा नाय," ते म्हणाले. "सहा महिने झाले. समोरची गाडी दिसता, पण गाडयेत कोण आसा ता दिसणा नाय. डॉक्टर म्हणता, ह्यां ऑपरेशनान सुधारूचा नाय. म्हणान सगळ्यांकाच हात करतंय. चुकान कोण रामरामाशिवाय रवाक नको."

"बाबा, मला सांगितलं का नाहीत?" मुलाचा आवाज एकदम लहान झाला होता.

"सांगितला आसता तर तू तेवाच चावी घेतलं आसतंस," मामा म्हणाले आणि कपबशीतला चहा फुंकू लागले.

पुढच्याच आठवड्यात भांडुपच्या एका तरुणाने गाडी घेतली. तो न्यायला आला तेव्हा मामा मुद्दाम धुतलेला शर्ट घालून फाटकापर्यंत आले. गाडी बाहेर पडली तसा त्यांनी पंजा उंच केला, अख्खा पंजा, आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हात केल्यान?"

तो तरुण मोबाइल कानाला लावून वळला होता. त्याने आमच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"केला ना मामा," मी म्हणालो. "चांगला काच खाली करून केला."

मामांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मगे बरो माणूस आसा," आणि मला धरूनच घराकडे चालू लागले.