पाच रात्रींची पाळी

झोप या विषयावर ज्याचा शब्द शेवटचा मानावा असा एकच माणूस मी अख्ख्या मुंबईत पाहिला, आणि तो रात्री कधीही झोपत नसे. आमच्या लालबागच्या चाळीत, आमच्या खोलीला लागून, एका गाळ्यात मालवणाकडच्या एकाच गावचे पंधरा-सोळा गिरणी कामगार राहत. हा माणूस म्हणजे त्या गाळ्यातले सगळ्यांत वडील. चाळ त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणायची. कोणाचे मामा, हे विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती. गाळ्यात माणसं पाळीपाळीने कामावर जात आणि पाळीपाळीनेच झोपत. एकाने उठावं, दुसऱ्याने त्याच जागी आडवं व्हावं. तिथली चटई कधी गार झालेली मी तरी पाहिली नाही.

मामांनी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, तीस वर्षं रातपाळी केली होती. तीही आपण होऊन. रात्री साचे कसे आपलेपणाने चालतात, दिवसा त्यांच्याही अंगात सायबाची भीती असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची सगळी झोप दिवसाची, आणि चाळीत दिवसा झोपायचं म्हणजे मिळेल तिथे आणि मिळेल तशी. ते जिन्याच्या कठड्याला टेकून झोपत, दाढी करून घेताना न्हाव्याच्या हातावर मान टाकून झोपत. नळावरच्या रांगेत बादलीच्या कडीला हात लावून उभ्या उभ्या झोपत, आणि रांग पुढे सरकली की डोळे न उघडता बादली बरोब्बर एक पाऊल पुढे ठेवत. ते दिवस ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’चे होते. मैदानावरची एकही सभा मामांनी चुकवली नाही आणि एकही भाषण ऐकलं नाही. पहिला वक्ता उभा राहिला की यांची हनुवटी छातीवर. पण घोषणा झाली रे झाली की मूठ वर आणि ‘झालाच पाहिजे!’ सगळ्यांच्या आधी. एकदा मी विचारलं, “मामा, आज काय बोलले हो?” तर म्हणाले, “काय बोलूचा आसा? आमची मुंबय आमका होयी. तेका जागा कित्याक रवाक होया?”

झोपेच्या त्यांनी जाती लावल्या होत्या. पेजेची झोप हलकी, भाताची जड, माशाच्या कढीची गोड, आणि भांडून आलेल्या माणसाची झोप म्हणजे नुसते मिटलेले डोळे. गॅलरीतून जाणाऱ्या माणसाच्या चपलेच्या आवाजावरून तो काल किती झोपला ते ते सांगत आणि सहसा चुकत नसत. मग त्यांची गिरणी सुटली. वय झालं, निरोपाचा नारळ मिळाला आणि मामा रात्रीचे घरी राहायला लागले. पंचाईत अशी की तीस वर्षांनी रात्र समोर आली आणि तिचं करायचं काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळी चाळ निजली की ते आमच्या दारासमोर गॅलरीत पाट टाकून बसत. गावी बायको वाट बघत होती, पण हे म्हणत, “मुंबय मिळाली काय जातंय.” मला वाटे, हा देशभक्तीचा भाग आहे.

आता माझं सांगते. माझा मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता, आणि रात्रीतून चार-चार, पाच-पाच वेळा दूध प्यायला उठत होता. त्याला बोलता येत होते ते मोजून चार-सहा शब्द, त्यांतला सगळ्यांत ठणठणीत म्हणजे ‘पायजे!’ चाळीतल्या पोरांनी दिवसभर घोषणा दिल्यावर दुसरं काय शिकणार? मध्यरात्री गोधडीवर उठून बसायचा, मूठ वर करायचा आणि ‘पायजे’. दुसरा ‘पायजे’ मी त्याला कधी म्हणूच दिला नाही. फळीच्या भिंतीपलीकडे सोळा माणसं, कोणी पहाटे उठणारा, कोणी नुकता पाठ टेकलेला. त्यांची झोप मोडली तर साच्यात हात सापडायचा कोणाचा तरी. या धास्तीने मी पोराने हुं केलं की त्याला पदराखाली घेत होते. मला स्वतःच्या समजूतदारपणाचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

पण मी परळच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. एक दिवस फळ्यावर ‘कमळ’ लिहिताना मी ‘क’ काढला, ‘म’ काढला आणि ‘ळ’च्या जागी कपाळ टेकून झोपले. चाळीस मुली इतक्या शहाण्या की एकीनेही आवाज केला नाही. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाल्या, “बाई, महिनाअखेरीला तुमच्याबद्दल मला वर लिहून पाठवायचंय. वर्गात झोपलेल्या मुलीला मी बाकावर उभी करते. तुमचं काय करू, तुम्हीच सांगा.” मी घरी येऊन खूप रडले. ही नोकरी मी भांडून मिळवली होती. घरात, माहेरात, सगळ्यांशी. ती झोपेपायी जाणार होती.

चाळीतल्या बायकांनी उपाय सांगितले. कोणी म्हणे कोरफडीचा गर लाव, कोणी म्हणे कडू बोळ लाव, पोर तोंड वाकडं करून आपोआप सुटेल. हे मामांच्या कानावर गेलं आणि जन्मात पहिल्यांदाच मी त्यांना दिवसा पूर्ण जागं पाहिलं. “आयेक कडू करून पोराक तोडतत?” ते कडाडले. “मगे तो जल्मभर गोडाक भियात!” मग खाली बसले आणि हळू म्हणाले, “बाये, मी रोज राती हयसर बसतंय. माका आयकूक येता. भूक तेका लागना नाय. भीती तुका वाटता.” मला राग आला. राग आला म्हणजे ते खरं होतं.

पोराचं रात्रीचं दूध बंद करायचं ठरलं, आणि रविवारी दुपारी त्यांनी गाळ्यात रीतसर सभा घेतली. मला दारात उभं केलं आणि सांगितलं, “पाच राती ह्या बायेचो झील रडतलो. कोणी फळी ठोकूची नाय, कोणी बोलूचा नाय. कबूल?” मी मान खाली घालून उभी. एक साचेवाला संकोचून म्हणाला, “तो रडता? आमका वाटलेला, बायचो झील मुकोच आसा!” दुसरा म्हणाला, “आमच्या बाजूक साचे धडाडतत तरी डुलकी लागता, पोराच्या रडण्यान काय होता?” मी वर्षभर रोज रात्री ज्यांची झोप जपत होते, ती झोप कोणाच्या बापालाही मोडता येण्यासारखी नव्हती. उलट हे लोक माझ्या मुक्या पोरासाठी मनातून हळहळत होते. मला हसू आलं, आणि मग कितीतरी वेळ ते थांबेना.

मामांचे कायदे थोडे होते. दिवेलागणीला मऊ भात तुपाशी पोटभर. त्यानंतर दूध, पण जागेपणी, उजेडात बसून, अंथरुणावर नाही. मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला साडीच्या पडद्याआड, आणि पोराशेजारी मामा. जवळ फुलपात्रात पाणी. “मोर्चो येतलो,” ते म्हणाले. “मागणी मंजूर नाय. पण लाठी पण नाय आणि खोटा आश्वासन पण नाय.” आमच्या ह्यांनी उशी घेऊन गॅलरीत बदली करून घेतली.

पहिल्या रात्री तास-दीड तास मोर्चा चालला. पदराचा बोळा दातांत धरून मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. चोळी दुधाने भिजून गेली होती. दोनदा उठले, दोन्ही वेळा पडद्यापलीकडून आवाज आला, “गप रव. तू इलंस तर परत पयल्यापासून.” आणि मग तो दुसरा आवाज. मामा पोराच्या पाठीवर थोपटत होते आणि घशातल्या घशात साचा चालवत होते, खट्-खटाक्, खट्-खटाक्, एका लयीत, न थकता, तीस वर्षांची सवय. त्या लयीत हळूहळू रडणं विरत गेलं, खोलीच्या भिंती विरत गेल्या, आणि मला वाटलं आपण सगळेच एका मोठ्या, संथ, रात्रभर विणल्या जाणाऱ्या कापडावर निजलो आहोत. दुसऱ्या रात्री मोर्चा अर्ध्यावर आला. तिसऱ्या रात्री नुसता एक ‘पायजे’, तोही विचारल्यासारखा. मामांनी पाणी दिलं, तो प्यायला आणि त्यांचा अंगठा धरून निजला. चौथ्या रात्री डोळे न उघडताच त्याने तो अंगठा शोधला.

पाचव्या रात्रीनंतर मला जाग आली ती उजाडल्यावर. आवाज नाही. धावत पडद्याबाहेर आले तर दारात गाळ्यातले आठ-दहा जण गोळा झालेले. एरवी मुडद्यासारखे झोपणारे हे लोक रडणं ऐकू येईना म्हणून रात्रभर जागे होते. “बरा आसा मा तेका?” एकाने कुजबुजत विचारलं. मी बोट दाखवलं. पोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं, आणि त्याच्या मुठीत अंगठा देऊन, भिंतीला टेकून, तीस वर्षांत पहिल्यांदा रात्रीचे, मामाही झोपले होते. तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे धोतरं सावरत पळाले. त्या दोघांना भोंगाही ऐकू गेला नाही.

चहा घेताना मी म्हटलं, “मामा, तुमच्या पोरांनाही असंच निजवलं असेल तुम्ही.” त्यांनी बशी खाली ठेवली. “माझी चारय पोरा गावाक वाढली. मी हय रातपाळीक. तेंची नीज मी कार्डार वाचून घेतलंय गो. ‘बाळ आता राती उठना नाय.’ इतक्याच लिवलेला.” मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ह्यो आणि एक रात उठलो आसतो, तर काय बिघाडला नसता.” मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

माझी नोकरी पक्की झाली. मामा पुढेही गॅलरीत बसत राहिले, पण पोर काही उठलं नाही. पुढे मुंबई मिळाली, सगळ्या लालबागमध्ये दिवे लागले, आणि मामांना गावी न जायला कारण उरलं नाही. गावाहून महिन्याला एक कार्ड यायचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात दरवेळी एकच प्रश्न: बाळ रात्रीचा झोपतो ना? बाळ तिसरीत गेला, पाढे म्हणायला लागला, तरी प्रश्न तोच. मी दरवेळी लिहायची, झोपतो, अगदी भोंग्यापर्यंत.

फक्त एकदाच मी खोटं लिहिलं. मामा आजारी असल्याचं कळलं होतं. मी लिहिलं, “काल रात्री बाळ उठला होता. रडत होता. कोणाकडेही राहीना, तुमचा अंगठा मागत होता.” कार्ड पेटीत टाकून आले. त्या रात्री बाळ भाताची जड झोप झोपला होता. मी उठून बसले होते, आणि बाहेर गॅलरीत मामांच्या पाटाची जागा बघत होते.