लाल गाडीचा आवाज

त्या दुष्काळात मी मांजरसुंब्याच्या चौकात हवालदार होतो. लाल, बुटकी गाडी फटफटवत एक पोरगा रोज यायचा. असल्या गाड्यांवर माझा तसा रागच. मी हात करायच्या आधीच तो थांबायचा, काच खाली करून कागद पुढे धरायचा. मागच्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या असायच्या.

एकदा मी खेकसलो, "सायलेन्सर कावून बदलत न्हाईस बे?"

"सायेब, दूध सोसायटीच्या छावणीत आमची म्हस हाय. लई थकली. ह्या आवाजावरच उठून उभी ऱ्हाती."

तरी मी पावती फाडलीच.

पंधरा दिवसांनी तीच गाडी आली, मुकाट्यानं. सायलेन्सर नवा होता, मागची सीट रिकामी. त्यानं सवयीनं कागद पुढे धरले. माझ्याच्यानं ते हातात घेववले नाहीत.