भागीरथाबाईंचा नियम

भागीरथा तेलगोटे पातूरच्या निवृत्त नर्स. वाचनालयाच्या समितीत बारा वर्षं आहेत, पण अध्यक्ष रामराव गावंडे त्यांचं एक वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ. त्यात दोघांचे पक्ष वेगळे.

यंदा रामरावांनी वाचनालय पाडून दुकानं काढायचा ठराव आणला. बाईंनी आधी एक नियम मंजूर करून घेतला. समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडायची, मगच आपलं बोलायचं.

बाईंनीच रामरावांच्या बाजूनं सुरुवात केली. पत्रे गळतात, पुस्तकं सडतात, वाचणारे घटले.

"बराबर," रामराव खुशीत म्हणाले.

"आता माह्यं सांगा, भाऊ."

रामरावांना एक शब्द सुचेना. कधी ऐकलंच नव्हतं, तर सांगणार काय? आम्ही समितीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. मला मजा आली, खोटं कशाला लिहू.

"बाई, तुमीच सांगून टाका ना."

"मी कावून सांगू? नियमाले तुमीच हात वर केला."

नियमानं रामरावांना ठरावावर बोलताच आलं नाही, आणि मतदानात ठराव पडला. बाई तरी थांबल्या नाहीत.

"पत्रे गळतात हे भाऊचं खरं हाय. दुरुस्ती त्याईच्याकडेच द्या."

सगळ्यांनी हात वर केले. रामरावांनाही करावा लागला, मुद्दा त्यांचाच होता.