दूधकेंद्रांची नवी आवृत्ती

हे किस्से मी जमवले नाहीत. ते नियमावलीच्या समासात आपोआप साचत गेले. एक नियम लिहावा, तर तो का लिहावा लागला याची हकीकत शेजारी नोंदवावी लागे, आणि हकिकती नियमांपेक्षा वेगाने वाढत!

माझा विद्यार्थी सुनील याने जुन्नर-आंबेगावातील एका दूध संघासाठी प्रोग्राम तयार केला होता. दुधाचे माप व फॅट नोंदवून तो शेतकऱ्याला चिठ्ठी छापून देई. सुधारणा झाली की सुनील सीडी घेऊन मोटारसायकलवरून गावोगाव हिंडे. एका उन्हाळ्यात मढ गावच्या दूधकेंद्रावर त्याने ऐन रांगेच्या वेळी नवी आवृत्ती बसवली आणि प्रोग्राम बंद पडला. दुरुस्ती होईपर्यंत कॅनमधले दूध नासले.

संघाचे अध्यक्ष म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, की समदे कॉम्प्युटर माघारी! आमच्या वह्याच बऱ्या."

तीन वर्षांची मेहनत पणाला लागलेला सुनील प्रोग्राममध्ये बदल कसे करावेत याच्या जागतिक मानकांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ घेऊन माझ्याकडे आला. "बाई, आपल्या लोकांना पाळता येईल अशी नियमावली लिहून द्या."

मी निवृत्त होते, कामचुकार नव्हते!

*

पहिला नियम : नवी बिघडली तर परत बसवता यावी म्हणून जुनी आवृत्ती जपून ठेवावी.

महाळुंगे पडवळचे केंद्र सांभाळणारे दत्तूभाऊ यांना मी विचारले, "सीडी जपली आहे ना?"

"लई जपलीय, बाई! देव्हाऱ्यात ठेवलीय. खंडेनवमीला पूजाबी केली."

सीडीच्या दोन्ही अंगांना हळदकुंकू होते. संगणकाने ती स्वीकारली नाही. मी नियमाला पोटनियम जोडला : पूजा पाकिटाची करावी.

*

ग्रंथ सांगे, नवी आवृत्ती काम कमी असेल त्या दिवशी बसवावी. सुनीलच्या पुण्याच्या सहकाऱ्याने रविवार सुचवला.

"म्हशीला रविवार कुठं असतो, राव?" दत्तूभाऊंनी विचारले. "गावच्या यात्रेचा दिवस धरा. घरोघर पावणं असत्यात. दूध घरातच संपतं, केंद्रावर कोण आणतंय?"

तेव्हापासून सुनीलच्या कचेरीत गावोगावच्या यात्रांचा तक्ता लागला. पुण्याच्या सहकाऱ्याने तो नमुनेदार इंग्रजीत उतरवून घेतला!

*

प्रत्येक केंद्राने चाचणी करून निकाल लिहावा, असाही नियम होता. पहिल्याच खेपेस सर्व केंद्रांचे कागद आले : "ठीक आहे." सर्वत्र तीच शाई, तेच वळण!

आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला हे कागद दाखवू नयेत. दत्तूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "मीटिंगला समदे जमलोच व्हतो, बाई. म्हटलं, एकदमच भरून टाकू."

मी कागद परत केले. यापुढे प्रत्येक केंद्राने आपल्याच दुधावर चाचणी करावी, आणि एकाही केंद्राने "नको" लिहिले तर आवृत्ती कुठेही बसवू नये, असे ठरवले.

सुनील चपापला. "बाई, कुणी खरंच 'नको' लिहिलं तर?"

"तर नको."

*

पुढच्या आवृत्तीची पहिली चाचणी घाटघरला होती. अध्यक्ष स्वतः येऊन बसले. केंद्र चालवणाऱ्या कोंडाबाईंनी आपल्या आटत आलेल्या, म्हणून थोडे पण घट्ट दूध देणाऱ्या म्हशीचे दूध तपासले. फॅट दहा टक्क्यांच्या वर निघाले. प्रोग्रामने उत्तर दिले : आकडा चुकीचा!

"मावशी, एवढं फॅट नसतं हो," सुनील काकुळतीने म्हणाला.

"नसतं कसं? आताच मी धार काढलीय! ही म्हस तुमी पुण्यात बघितली व्हती का?"

असे म्हणून त्यांनी कागदावर ठसठशीत लिहिले : नको.

सुनीलचा चेहरा उतरला. कोंडाबाईंनाच त्याची दया आली. "भिऊ नको, भाऊ. नीट करून आण. तवर म्हस काय पातळ दूध द्यायची न्हाई!"

अध्यक्षांनी कागद ओढून घेतला. "ही सीडी दुसऱ्या कुठल्या केंद्रात घातली का?"

"नाही," सुनील म्हणाला.

"म्हंजी आज कुणाचं दूध खोळंबलं न्हाई?"

"नाही."

अध्यक्षांनी खिशातून पेन काढले, कोंडाबाईंच्या "नको"खाली सावकाश "मंजूर" असे लिहिले आणि सही केली.