मीठमिरच्या

आमच्या घरात बायकोला मारून झालं की दृष्ट काढायची, ती मारणाऱ्याची. आई माझ्या वडिलांची काढायची. वडील गेल्यावर माझी काढू लागली. बायको कोपऱ्यात तोंडावरचं रक्त पुसत बसलेली आणि आई माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकतेय. मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, "बगा, लई वाईट नजर हुती. न्हायतर माजं लेकरू हात उगारतंय व्हय?" हे लेकरू तेव्हा पंचवीस वर्षांचं होतं आणि तालमीत दोघांना अंगावर घेत होतं. पण मला ते ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला सांगू?

सोलापुरातल्या एका गिरणीत मी माग चालवायचो. बायको तिथंच सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. एका सकाळी कापडात दोष निघाला म्हणून जॉबरनं, आमच्या खात्याच्या मुकादमानं, सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात दिली. किरकोळ अंगाचा माणूस, एका हातानं उचलून आपटला असता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलं, साहेब." वर बघितलं तर दारात बायको उभी, हातात कांड्यांची पाटी.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच विचारलं, "लई लागलं का वो?"

तेवढ्यावर मी तिला मारलं. तांब्या हिसकावून खांद्यात घातला, केसाला धरून भिंतीवर आपटलं, खाली पडल्यावर लाथ घातली. उठू लागली तशी डाव्या कानावर सगळ्या ताकदीनं चपराक दिली. कानातून रक्त आलं तेव्हा थांबलो.

आई मीठमिरच्या घेऊन आलीच. तिची मूठ माझ्या डोक्यावरून फिरू लागली, तशी बायको भिंतीला धरून बसती झाली. म्हणाली, "सकाळी जॉबरनं मारलं, तवा ह्यांचा हात खालीच हुता की. तवा नजर कुटं गेल्ती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला पुन्हा मारावंसं वाटलं, हेही खरं. मी आईचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे आये. नजर न्हाय लागली. म्याच मारलं."

दुसऱ्या दिवशी खाडा करून तिला दवाखान्यात नेलं. "जिन्यावरनं पडले," ती डॉक्टरांना म्हणाली.

"न्हाय," मी म्हणालो. "मी मारलं."

कानात बघता बघता डॉक्टरांनी विचारलं, "कितव्यांदा?" मला सांगता येईना. तिला आलं असतं. कानाचा पडदा फाटला होता. तो कान गेला तो गेलाच.

त्यानंतर मी तिच्यावर हात टाकला नाही. राग कुठं गेला नाही. तो आला की मी चपला घालून तळ्यापर्यंत चालत सुटतो. आता दोघंही म्हातारे झालो. ती मात्र दुपारी कलंडते ती चांगला कान वर ठेवूनच. एकदा विचारलं, असं का?

"तुमी आलेलं कळाय पायजे की," ती म्हणाली.