पूर्वासमोर न जेवलेला माझा सोमवार

पूर्वाच्या आईने मला एकदाही दोष दिला नाही. द्यायला हवा होता.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पूर्वा मये गावची, डिचोलीतल्या आमच्या कॉलेजची पाच हजार मीटरची रनर. मी तिची स्पोर्ट्स टीचर.

सेकंड इयरला तिचे उपास वाढले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी, एकादशी.
आई लेकीबद्दल कौतुकाने सांगायची, "आमचं चेडू देवभोळं."
मीही टीमला सांगायचे, शिस्त शिका हिच्याकडून. कपाळ माझं.

मग ग्राउंडवर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, ईटिंग डिसॉर्डर. पळणं बंद.
मला वेगळं बोलावून म्हणाले, "जेव म्हणून मागे लागू नका. रोज तिच्यासमोर बसून तुम्ही जेवा."

म्हणून दुपारी एक वाजता माझ्या केबिनमध्ये दोन डबे. भात, माशाच्या आमटीचं हुमण, कधी पोईचा पाव.
चार घासांना तिला तास लागायचा. रडायची. मी आपली नवऱ्याच्या स्वयंपाकाच्या गजाली सांगत बसायचे.
मेच्या सुट्टीतही येत होती.
एकदा म्हणाली, "मॅडम, फाल्यां सुंगटां हाडशात?"
पोरीने स्वतःहून उद्यासाठी कोळंबी मागितली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग श्रावण आला.

माझा वीस वर्षांचा श्रावणी सोमवार. डोक्यातच आलं नाही. तिच्यासमोर डबा, माझ्यासमोर नुसता चहा.
"तुम्ही?"
"माझा उपास गो. तू जेव."
तिने डब्याचं झाकण परत लावलं. "मग माझाही."
आणि मी, मूर्ख बाई, म्हटलं, "बरं, एक दिवस चालेल." देवाच्या नावाला नाही कशी म्हणू?

तो एक दिवस संपलाच नाही. हळूहळू तिने केबिनमध्ये येणं सोडलं. मी तिच्या घरी गेले की आतून निरोप यायचा, झोपलीय.
दिवाळीच्या आधी एका सकाळी ती उठलीच नाही. हृदय थांबलं होतं.

डॉक्टर म्हणतात, आजारच तसा, एका सोमवाराने कुणी जात नाही. असेल. ते झाकण लावताना तिचा चेहरा त्यांनी बघितला नव्हता.

कोच लोकहो, मुलगी उपास वाढवते तेव्हा कौतुक करू नका. जवळ बसा, विचारा.

पूर्वा, आज सोमवार आहे. एक वाजता दोन डबे उघडले. माझा संपवला.
तुझा तसाच आहे गो.
माफ कर मला. येते, माझे बाय.