उतरवून ठेवलेला हंडा

जव्हारच्या एसटी डेपोत मोखाड्याच्या गाडीची वाट पाहत होते, तेव्हा फोन आला... काशिनाथ सर गेले. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. शेजारशेजारच्या वर्गांत आमची उमेदीची वर्षं गेली.

एकदा रद्दीतल्या मासिकात त्यांना एक चित्र सापडलं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा अमेरिकन चित्रकारानं धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. उकाड्याची संध्याकाळ, गच्चीवर आलेली साधी माणसं. कुणी केस वाळवतंय, कुणी नुसतंच कठड्याला टेकलंय. सर ते घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभे. "बाई, यात कुणीच काम करत नाहीये. आपल्या माणसांना असं कुणी काढलंय का हो?"

खरंच होतं. आमच्याकडची माणसं चित्रांत दिसायची ती पाणी वाहताना, भात लावताना, नाहीतर पाहुण्यांपुढे नाचताना.

सरांनी ती कला स्वतःच शिकायला घेतली. बंद पडलेल्या रसवंतीचा चरक आणला, त्याचे रूळ लेथवर गुळगुळीत करून घेतले आणि त्यावर छापू लागले. पत्र्यावरच्या रेषा खोल करणाऱ्या अॅसिडच्या वाफेनं खोकायचे, पत्रे बिघडायचे. पण जामसर गावात पाय पसरून बसलेले म्हातारे, जीपची वाट पाहताना गप्पांत रंगलेल्या बाया, असं एकेक उमटत गेलं.

मुंबईहून प्रदर्शनवाले आले. विहिरीच्या काठाशी बसून हसणारी बाई त्यांना फार आवडली. फक्त डोक्यावर हंडा हवा, म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "तिनं आत्ताच उतरवून ठेवलाय. परत कसा चढवू?"

प्रदर्शन हातचं गेलं. हळहळले मी, ते नाहीत. पुढच्या बाजाराला मोखाड्यात दोरी बांधून त्यांनी सगळी चित्रं टांगली. विहिरीवरची ती जनीमावशी आली आणि थबकलीच. "ही त मीच! पण माझ्या नाकातली फुली उलट्या अंगाला का?"

"छापताना डावं-उजवं उलटतं, मावशी."

बाजार राहिला बाजूला; ती मैत्रिणींना हाका मारत सुटली.

परवा सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी लताबाईंनी पलंगाशेजारचा एक पत्रा आणून दाखवला. आजारपणात अंथरुणातूनच सर त्यावर सुईनं काहीतरी कोरत असत. दोघींनी मिळून शाई भरली, चरक फिरवला, ओला कागद हलकेच उचलला... खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेल्या लताबाई.

त्यांनी कागद उजेडात धरला.

"औषधाची वेळ झाली असणार," म्हणाल्या, "आणि यांनी मला उठवलं नाही."